सांगून दाखवलेली आग

टिपणीस सरांच्या तासाला टी.वाय.ची मुलं जरा सावरूनच बसत. रोह्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि शेवटच्या वर्षाचा औद्योगिक सुरक्षेचा पेपरही त्यांच्याकडेच होता. राहायला पेणला, सकाळच्या गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. शिक्षक होण्याआधी काही वर्षं त्यांनी कंपनीत शिफ्ट केमिस्ट म्हणून काढली होती. त्यामुळे पुस्तकातलं वाक्य संपलं की त्याला जोडून प्लांटमधला एखादा प्रसंग यायचा, आणि मुलं पुस्तक विसरली तरी तो प्रसंग विसरत नसत.

स्फोटांवरचा धडा मात्र ते दर वर्षी एकाच पद्धतीने सुरू करत. वर्गात आले की कोणाशी न बोलता खिडक्या लावायचे, दिवे घालवायचे आणि प्रोजेक्टर सुरू करायचे. पडद्यावर एका परदेशी कंपनीच्या कॅमेऱ्याने टिपलेली फिल्म यायची. आधी नुसताच एक रिॲक्टर, म्हणजे रसायनांची मोठी बंद टाकी, आणि आसपास दोनतीन माणसं. मग पांढरा धूर, पळापळ, सायरन, आणि मग अख्खा पडदा पांढराफटक करून टाकणारा स्फोट. फिल्म संपली की सर दिवे लावत आणि म्हणत, "आता पुस्तकं उघडा."

आधी काही सांगायचं नाही, हे त्यांनी विचार करूनच ठरवलं होतं. महिपती नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. एकदा त्याच्या प्लांटमध्ये असाच पांढरा धूर दिसला, आणि बाकीचे काय झालं ते बघायला पुढे गेले तेव्हा हा दोघांना ओढत दाराकडे पळाला. तिघेही वाचले. मुद्दाम पेढे घेऊन तो सरांच्या घरी आला होता. तुमची फिल्म आठवली सर, म्हणाला होता. तेव्हापासून सरांची खात्रीच झाली, की धक्का बसल्याशिवाय धडा आत उतरत नाही. कॉलेजातून बाहेर पडलेली निम्मी मुलं पुढे आसपासच्या केमिकल कंपन्यांमध्येच लागायची. त्यांना गोंजारून कसं चालेल?

त्या वर्षी वर्गात ऋतुजा म्हात्रे होती. ती जोह्याची, पेणजवळच्या गणेशमूर्तींच्या गावची. तिथून बसने पेणला यायची आणि पेणहून गाडीने रोह्याला. बोलायला कमी, पण प्रयोगशाळेत हात स्वच्छ. सुनीती गुप्ते मॅडम प्रॅक्टिकल घ्यायच्या, त्यांनी तिचा हात पहिल्याच वर्षी हेरला होता. मात्र तिच्या घरचं कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

तिचे वडील जनू म्हात्रे आधी मिठागरावर होते. मिठागरं एकेक करून बंद पडत गेली तसे ते रोह्याकडच्या एका कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून लागले. ऋतुजा बारावी सायन्सला असताना तिथे स्फोट झाला आणि त्यात ते गेले. पुढे गावात कुजबुज झाली की हेल्परनेच काहीतरी उलटंसुलटं फिरवलं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण ऋतुजाच्या कानावर यायचं ते आलंच. आर्ट्‌सला जायचं ठरलेली मुलगी मग अडून बसली, की मला केमिस्ट्रीच घ्यायचीय. का, ते तिने आईलाही धड सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी सर वर्गात आले, खिडक्या लावल्या, दिवे घालवले.

सायरन वाजेपर्यंत ऋतुजा बाकाची कड धरून बसून होती. सायरन वाजला आणि तिला श्वासच घेता येईना. ती उठली, कोणाच्या तरी पायात अडखळली, दप्तर खाली पडलं, ते तसंच टाकून ती दाराबाहेर गेली. अंधारात कोणीतरी हसलं. सरांनी फिल्म थांबवली नाही. मुलींना कधी कधी चक्कर येते, ते त्यांनी पाहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात हात धुवायच्या बेसिनखाली ती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सुनीती मॅडमना दिसली. मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं नाही. तिला उठवून त्यांनी प्रयोगशाळेच्या मागच्या बॅलन्स रूममध्ये नेलं. नाजूक तराजूंना वारा लागू नये म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता, रस्त्याचा आवाजही तिथे पोचत नसे. एक स्टूल तिला दिलं, एक स्वतः घेतलं. पाण्याची बाटली मधे ठेवली. पुढचा तास मॅडमचा होता, तो त्यांनी निरोप पाठवून रद्द केला आणि नुसत्या शेजारी बसून राहिल्या. ऋतुजा पुढे कित्येकदा सांगायची की मॅडम त्या वेळी एक शब्द जरी बोलल्या असत्या, समजुतीचा का होईना, तर मी उठून गेले असते.

बऱ्याच वेळाने तिने आपण होऊन सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे मी टिपणीस सरांना सांगितलं तर तुला चालेल?"

ऋतुजाने होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात यायची बंद झाली.

सुनीती मॅडमनी सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. ते म्हणाले की मुलीला हवं तर माझ्याकडे पाठवा, मी स्वतः तिचा धडा भरून घेईन. पण फिल्म दाखवण्याआधी मुलांना कल्पना द्यावी, ज्याला बघवणार नाही त्याला बाहेर बसू द्यावं, असं मॅडमनी सुचवताच ते सरळ नाही म्हणाले.

"रिॲक्टर सांगून फुटत नाही, मॅडम. उद्या ही मुलगी प्लांटमध्ये उभी असेल. तिथे कोण तिला आधी सांगणार आहे?"

"रिॲक्टरला सांगता येत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला येतं."

विषय तिथे संपला नाही. मॅडमनी तो शिक्षकांच्या बैठकीत मांडला. विद्यापीठाच्या एका प्रशिक्षणात त्यांनी ट्रिगर वॉर्निंग, म्हणजे आधी दिलेली सूचना, आणि सेफ स्पेस, म्हणजे निर्धास्त बसता येईल अशी जागा, हे शब्द ऐकले होते, ते त्यांनी वापरले आणि तिथेच थोडी चूक झाली. शब्द ऐकूनच निम्म्या लोकांनी हे परदेशातलं खूळ आहे असं ठरवून टाकलं. इतिहासाच्या सरांनी विचारलं, मग मी फाळणी शिकवायच्या आधी काय करू? गणिताचे सर म्हणाले, माझ्या पेपरची तर वर्षभर आधी सूचना द्यावी लागेल. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की मी काही वगळा म्हणत नाही, लपवा म्हणत नाही. घरात कोणी गेलं असेल तर ते ज्याला कळवायचं त्याला आपण आधी पाणी देतो, बसवतो, मग सांगतो. तेवढंच मी म्हणते आहे.

टिपणीस सर या सगळ्यात हसले नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं: आपल्याकडची मुलं खरोखरच आगीशेजारी काम करायला जाणार आहेत. त्यांची भीती जपायची की जीव, यातलं एक निवडायचं झालं तर मी जीव निवडेन. प्राचार्यांनी तुम्ही दोघांनी मिळून काय ते बघा म्हणून बैठक आवरती घेतली.

आठवडा गेला तरी ऋतुजाचा पत्ता नव्हता. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली होती. चांगली मुलगी फुकट जाईल, या विचाराने सरांना चैन पडेना. एका रविवारी ते पेणहून बस पकडून जोह्याला गेले.

गाव कामात होतं. रविवार असूनही रस्त्याच्या दोन्ही अंगांना मूर्तींच्या कारखान्यांची दारं उघडी होती, आणि आत अजून रंग न लागलेल्या पांढऱ्या मूर्ती खांद्याला खांदा लावून वाळत होत्या. जनू म्हात्रेंचं घर विचारल्यावर एकीने कारखान्याच्या आत हाक मारली आणि हातावर पांढरी भुकटी असलेली एक बाई बाहेर आली. ती पुतळी, ऋतुजाची आई. मूर्तींना पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचं तिचं काम. कॉलेजातले सर आलेत म्हटल्यावर ती गडबडली, हात पदराला पुसत त्यांना घरी घेऊन गेली, प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि चहाचं आधण ठेवलं. ऋतुजा आतल्या दाराशी येऊन उभी राहिली.

सर ठरवून आले होते तसं बोलले. शिक्षण सोडू नकोस, भीतीकडे पाठ फिरवली की ती मागे लागते, तू हुशार आहेस, वगैरे. पुतळीने ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि ती जमिनीवर बसली.

"सर, त्या दिवशी मी कामावरच व्हते," ती म्हणाली. "दुपारची येल. एकीच्या फोनवर व्हिडिओ आला, कुठल्या तरी कंपनीला आग लागलीय. आमी समद्या जनींनी बगला. मी बी बगला. आन मी बोलले, कुना बिचारीचा घर बुडला असंल."

ती थांबली. आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला, ऋतुजा वळली नाही.

"ता माझाच व्हता," पुतळी म्हणाली.

मग तिने बाकीचं सांगितलं. कंपनीतून संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही, फोनही नाही. शेवटी ओळखीच्या एका ड्रायव्हरने कळवलं. तिकडे पेणच्या कॉलेजात मैत्रिणीच्या फोनवर ऋतुजाने तोच व्हिडिओ दोनदा बघितला होता. एकदा बघितला आणि नीट दिसलं नाही म्हणून परत बघितला. ते दोनदा बघणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"मरन काय टलला नसता," पुतळी म्हणाली. "ता कुनाच्या हातात नाय. पन कोनी येऊन, बसवून, सांगला असता ना, का बाय गो, असा असा झालाय... तर मी ता तसा बगला नसता. येवढाच हाय, सर. माझा तुमच्यावर राग नाय. तुमी आलात, या लई झाला."

सरांच्या हातातला चहा निवून गेला होता. आपण आणलेलं सगळं बोलणं संपलं आहे हे त्यांना कळलं. तेव्हा ऋतुजा पहिल्यांदा बोलली.

"सर, मला ती फिल्म बघायचीच आहे. मी त्याच्यासाठीच केमिस्ट्री घेतली. धूर निघाल्यापासून किती वेळ होता, माणूस पळू शकला असता का, हे मला समजून घ्यायचंय. फक्त ते आता येणार आहे, हे मला माहीत असू दे."

सर म्हणाले, "मंगळवारी दुपारी ये. काय काय दिसणार ते आधी सांगेन. तू थांब म्हणालीस की थांबवेन."

परतीच्या बसमध्ये त्यांच्या मनात महिपती होता. घरी पोचल्यावर त्यांनी त्याला फोन लावला. इतक्या वर्षांनी सरांनी आपण होऊन फोन केला म्हणून तो हरखून गेला. सरांनी विचारलं की त्या दिवशी प्लांटमध्ये तुला नेमकं काय आठवलं होतं? महिपतीने जरा विचार केला. म्हणाला, सर, वर्गात घाबरलो होतो खरा, आईशपथ सांगतो, दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण प्लांटमध्ये आठवलं ते वेगळंच. फिल्मनंतर तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं ना, की हा धूर नाही, वाफ आहे, पेटायची वाट बघणारी वाफ, आणि ती दिसली की जवळ जायचं नाही. ते आठवलं.

सरांनी फोन ठेवला. माणूस नेमका कशाने वाचला होता, याचा त्यांनी इतक्या वर्षांत कधी शोधच घेतला नव्हता.

मंगळवारी दुपारी रिकाम्या वर्गात ते तिघे बसले: सर, सुनीती मॅडम आणि ऋतुजा. या वेळी सरांनी खिडक्या उघड्याच ठेवल्या. बाहेर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. उजेडामुळे पडद्यावरचं चित्र फिकट दिसत होतं. सर म्हणाले, फिकटच असू दे.

मग त्यांनी सांगितलं. आधी डावीकडून एक माणूस येईल, वर बघेल. मग उजव्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागेल. मग माणसं पळतील, त्यातला एक परत वळेल. मग उजेड होईल. आवाज मी बंद ठेवला आहे, तू म्हणालीस तरच सुरू करेन.

ऋतुजाने दोनदा थांबा म्हटलं. पहिल्यांदा पांढरं दिसायला लागलं तेव्हा, दुसऱ्यांदा तो माणूस परत वळला तेव्हा. दुसऱ्या वेळी तिने मॅडमचा हात इतका घट्ट धरला की मॅडमच्या बांगडीचा वण उठला. पण ती उठली नाही. फिल्म शेवटपर्यंत गेली. मग तिने ती परत मागितली, आणि या वेळी ती वहीत लिहून घेत होती.

"माझे बाबा हेल्पर होते," ती शेवटी म्हणाली. "ही वाफ आहे, धूर नाही, हे त्यांना कळलं असतं का?"

"शिकवलं असतं तर कळलं असतं."

"त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आदल्या महिन्यातच त्या प्लांटला टाकलं होतं."

सरांनी चष्मा काढला. "त्या दिवशी तिथे काय झालं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी तुला सांगणार नाही, तुला बरं वाटावं म्हणूनही नाही. पण ज्याला शिकवलंच नाही त्याला कळलं नाही, म्हणून त्याचा दोष धरता येत नाही. कंपनीत काम केलेला माणूस म्हणून हे मी तुला सांगतो."

ऋतुजा तेव्हा रडली. वडील गेल्यापासून आपण असं मोकळेपणी रडलोच नव्हतो, हे तिचं तिलाच रडताना कळलं. मॅडम शेजारी होत्या. सर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि व्हॉलीबॉल बघत असल्यासारखं करत राहिले.

पुढच्या वर्षीपासून सरांची पद्धत बदलली. ट्रिगर वॉर्निंग हा शब्द त्यांनी कधीच वापरला नाही. ते त्याला 'आधी सांगणं' म्हणत. आदल्या तासाला ते वर्गाला काय दिसणार याची कल्पना देत. ज्याला नको असेल त्याने बॅलन्स रूममध्ये बसावं, तिथे तोच धडा वाचावा, कारण विचारलं जाणार नाही. सांगून टाकल्यावर परिणाम कमी होईल, अशी त्यांना धास्ती होती. झालं उलटंच. पूर्वी फिल्मनंतर वर्ग मुका व्हायचा. आता मुलं आधीच विचार करून यायची आणि प्रश्नांवर प्रश्न विचारायची. एकाचा काका भाजला होता, एकीच्या शेजारघरात असं झालं होतं. रोह्यात कंपनीशी नातं नसलेलं घर सापडायचं नाही, तरी इतकी वर्षं वर्गात हे कोणी बोललं नव्हतं. बॅलन्स रूममध्ये जाणारी एखाददोनच असत, आणि त्यातलीही बहुतेक नंतर येऊन फिल्म मागायची.

सगळं काही गोड झालं, असं नाही. धनेश नावाचा एक पठ्ठ्या होता, तो दर तासाला मला जरा अस्वस्थ वाटतंय म्हणून त्या खोलीत जाऊ लागला. अगदी फॉर्म्युले शिकवायचे असले तरी. एक दिवस सर मागोमाग गेले तर हा कानात इअरफोन घालून क्रिकेट बघतोय. सरांनी त्याला काही म्हटलं नाही. नुसतं समोर बसले आणि आजच्या धड्यावर तोंडी परीक्षा घेतली, तासभर. नंतर सुनीती मॅडमना म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मॅडमनी ते कबूल केलं. म्हणाल्या, हॉस्पिटलातही बिनआजाराचे लोक ॲडमिट होतात सर, म्हणून आपण हॉस्पिटल बंद करतो का? तेव्हापासून नियम झाला, की खोलीत बसणाऱ्याने धड्याची तोंडी परीक्षा द्यायची. धनेशला त्यानंतर वर्गातच बरं वाटायला लागलं. गणिताचे सर मात्र शेवटपर्यंत टोमणे मारतच राहिले.

ऋतुजा पहिल्या वर्गात पास झाली आणि तिने औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला. कंपनीत जायचं म्हटल्यावर पुतळी आधी हबकली, दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, जा, पन तुज्या बापाला कोनी शिकवला नाय, तू शिकव. आता ऋतुजा नागोठण्याजवळच्या एका कंपनीत नव्या कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण देते. पहिल्या दिवशी ती त्यांना विचारते, कोणाच्या घरात असं काही झालंय का, सांगायचं नसेल तर सांगू नका. मग काय दाखवणार ते सांगते आणि मगच दाखवते. एकदा तिने सुनीती मॅडमना फोनवर सांगितलं की शिकवताना माझ्या तोंडून सरांचीच वाक्यं येतात, आणि बसताना मी तुमच्यासारखी बसते.

टिपणीस सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला ऋतुजा आईला घेऊन आली. पुतळी कॉलेजात पहिल्यांदाच आली होती, नवी साडी नेसून, आणि भाषणं संपेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. प्राचार्यांनी सरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. महिपतीही आला होता, त्याने पेढ्यांची आठवण सांगितली. ऋतुजाला बोलायला सांगितलं तेव्हा ती उठली, पण मनात जुळवलेलं काहीच आठवेना. "सरांनी मला सगळं दाखवलं," ती म्हणाली, "आणि दाखवायच्या आधी सांगितलं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं झालं." आणि बसली. सुनीती मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या डोळे पुसत होत्या.

संध्याकाळच्या गाडीने सर, ऋतुजा आणि पुतळी बरोबरच पेणला निघाले. सरांच्या हातात शाल, श्रीफळ आणि हारांची पिशवी. खिडकीबाहेर भाताची कापलेली खाचरं मागे पडत होती. पुतळीने विचारलं, आता घरी बसून काय करनार? सर म्हणाले, अजून ठरलं नाही. बायको म्हणते बागेत लक्ष घाला. ऋतुजा म्हणाली, सर, आमच्या कंपनीत महिन्यातून एकदा या, कामगारांना तुमचे प्रसंग सांगा. आमच्याकडे पुस्तकं आहेत, प्रसंग नाहीत. सरांनी नाही म्हटलं नाही.

पेण आलं. स्टेशनबाहेर सरांना न्यायला त्यांचा मुलगा अनय स्कूटर घेऊन उभा होता. जोह्याच्या बसला अजून वेळ होता. सर निघताना पुतळीने त्यांना थांबवलं. दिवसभरात तिला बोलायची संधी मिळाली नव्हती, आणि इतक्या लोकांत तिला ती नकोही होती.

"सर, तो गेला तवा आमच्या घरी कोनी मोठा मानूस आला नाय," ती म्हणाली. "कंपनीचा नाय, कोनीच नाय. नंतर तुमी आलात. पोरीला न्यायला आलात, पन माझा बी ऐकून घेतलात. ता मी इसरनार नाय."

सरांनी हात जोडले. मग म्हणाले, "ताई, मलाही त्या दिवशी तुमच्याकडून पुष्कळ मिळालं. आभार कोणी मानायचे, ते आपण नंतर कधीतरी ठरवू."

पुतळी हसली. म्हणाली, मग येत्या रविवारी जेवायलाच या, घरच्यांना घेऊन. बोंबील चालतात ना? सर म्हणाले, चालतात म्हणजे काय, घरी कोणी करत नाही म्हणून खायला मिळत नाहीत. अनयने स्कूटर सुरू केली. ऋतुजाने हारांची पिशवी मागे नीट अडकवून दिली, आणि बस आली तशी मायलेकी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.